वाफेला वाट

४ मार्च

सूनबाईला जागा मिळाली. दोन गल्ल्या सोडून, कोपऱ्यावरचं जुनं सायकल दुरुस्तीचं दुकान. मागे अंगण, वर एक खोली. मेच्या पहिल्या रविवारी बेकरी उघडायची, असं तिने जेवताना जाहीर केलं. चिरंजीवांनी टाळी वाजवली, मग मास्तरांनी वाजवली, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले म्हणून मीही वाजवली.

मास्तर म्हणजे माझे यजमान. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीसुद्धा. मी काँक्रीटच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचे. रोजच्या मालाचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, पाडायचे, पाण्यात ठेवायचे, मुदत भरली की मशीनखाली दाबून फोडायचे आणि किती भार घेतला ते लिहायचं. त्यावरून कामगार मला माघारी क्यूबबाई म्हणायचे. पुढे पुढे तोंडावर म्हणायला लागले. मला ते आवडायचं, पण तसं मी कुणाला दाखवलं नाही. रिटायर झाल्यापासून मला कुणी काहीच म्हणत नाही. लिहिण्यासारखंही काही घडत नव्हतं. आज घडलं, म्हणून लिहिते आहे.

जेवण झाल्यावर सूनबाईने एका तयार स्टीलच्या भट्टीचं रंगीत पत्रक काढलं. "आई, ही घ्यावी म्हणते. भाजणी छान होते हिच्यात."

"तयार?" मी म्हटलं. "घरात मी असताना?"

सूनबाईने चिरंजीवांकडे पाहिलं, चिरंजीवांनी छताकडे. मास्तर उगाच खोकले. मग सूनबाईने पत्रक घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही बांधाल भट्टी, आई?"

"डोळे मिटून," मी म्हटलं.

बरं झालं मी वेळेवर बोलले. नाहीतर ही पोरगी तो पत्र्याचा डबा घेऊन बसली असती.

एकच गोष्ट टोचली. वरची खोली हवेशीर आहे, असं चिरंजीव दोनदा म्हणाले. नवरा-बायकोला पुरेल एवढी आहे, असं ते म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं.

७ मार्च

सकाळपासून टेबलावर कागद. मास्तरांना नाश्ता ओट्यावर उभ्याने करावा लागला. म्हणाले, "किती दिवसांनी तुझ्या कानामागे पेन्सिल दिसली."

साधं सिमेंट भट्टीत टिकत नाही. खूप तापलं की आतून भुसभुशीत होतं. म्हणून ॲल्युमिनाचं सिमेंट आणि खडीच्या जागी भट्टीच्या विटांचा चुरा. एवढं कुणीही सांगेल. खरी गंमत असते ती ॲडमिक्श्चरमध्ये, म्हणजे सिमेंट, खडी, वाळू, पाणी सोडून जे वाटीभर रसायन घालतात त्यात. कुणी काँक्रीट उशिरा आवळायला लावतं, कुणी लवकर, कुणी त्यात हवेचे बुडबुडे धरून ठेवतं. माझं लाडकं म्हणजे प्लास्टिसायझर. ते घातलं की अगदी कमी पाण्यात माल सैल होतो, आणि पाणी कमी म्हणजे काँक्रीट घट्ट. सोबत सिलिकाची बारीक भुकटी घातली की उरलीसुरली भोकंही बुजतात. कारखान्यात माझ्या असल्या क्यूबनी मशीनला घाम फोडलेला आहे.

सूनबाईला सगळं समजावून सांगितलं. तिने पीठ मळता मळता ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आत काही शिरणार नाही आणि आतलं काही बाहेर येणार नाही?"

"बरोब्बर," मी म्हटलं. हुशार आहे पोरगी.

११ मार्च

भट्टीचा घुमट ओतला. आधी विटांचा तळ, त्यावर ओल्या वाळूचा ढीग. ढिगाला आकार दिला मास्तरांनी. दोन्ही हातांनी थापटत, मागे सरून एक डोळा मिटून बघत, पुन्हा थापटत. "ही बाजू जरा उदास वाटते," म्हणाले. वाळू उदास कशी असते ते त्यांनाच ठाऊक. पण आकार इतका सुरेख आला की वर काँक्रीट घालायला जिवावर आलं.

गवंड्याचं नाव मी होऊनजाईल ठेवलं आहे, कारण त्याला काहीही सांगा, तो "होऊन जाईल" म्हणतो आणि मनाचं करतो. माल कालवताना म्हणाला, "बाई, लई कोरडं दिसतंय. अर्धी बादली पाणी मारू का?"

"एक थेंब मारलास तर तुलाच घुमटात घालीन."

"होऊन जाईल," म्हणाला आणि बादलीला हात घातला. मी बादलीवर बसले. मग प्लास्टिसायझर घातलं, मशीन फिरवलं, आणि तोच कोरडा माल फावड्यावरून सुळकन घसरायला लागला. होऊनजाईलने तोंडात बोट घातलं. सूनबाई हसत होती. मला फार छान वाटलं. कितीतरी दिवसांनी हाताला तो वास आला, ओल्या सिमेंटचा.

१४ मार्च

घुमट आवळला. वाळू आतून उकरून काढली. वरून ओली पोती घातली आहेत आणि सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पाणी मारते. आतूनही मारते, भट्टीच्या तोंडातून डोकं घालून. काँक्रीटला पाणी म्हणजे दूध. जेवढं द्याल तेवढं बाळसं धरतं.

मी पाणी मारत असताना एक माणूस आला, भट्ट्या विकणाऱ्या कंपनीचा. "ऑर्डर नक्की रद्द करायची ना? आमची गाडी तर भरून तयार होती," म्हणाला. मी म्हटलं, तुमचा पत्ता चुकला, आम्ही काही मागवलंच नव्हतं. तो हातातला कागद आणि दुकानाची जुनी पाटी बघत राहिला. इतक्यात सूनबाई आतून धावत आली आणि त्याला बाजूला घेऊन गेली. मनाने मऊ आहे ती. चुकलेल्या माणसालाही रस्ता सांगायला कोपऱ्यापर्यंत गेली.

१९ मार्च

माझे साचे गायब आहेत. रिटायर झाले तेव्हा प्रयोगशाळेने मला क्यूबचे तीन जुने लोखंडी साचे दिले होते, पाऊण वीत लांब, पाऊण वीत रुंद, पाऊण वीत उंच. कपाटाखाली होते. एकात मी बटणं ठेवायचे. बटणं आता वाटीत आहेत आणि साचे नाहीत. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "असतील कुठेतरी." मास्तर खोटं बोलले की चष्मा पुसतात. आज दोनदा पुसला.

भंगारात घातले असतील तर मी आठवडाभर बोलणार नाही. दोन दिवस तरी.

२३ मार्च

दुकानाच्या वरच्या खोलीला रंग दिला. पिवळा. सायीसारखा फिका, प्रसन्न. मी जिन्यावर पाय ठेवला तर सूनबाई वरून म्हणाली, "आई, नका येऊ, ओला आहे," आणि चिरंजीवांनी चक्क दार लावलं. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

मास्तरांना टर्पेंटाइनचा वास येतो हल्ली. म्हणतात सायकलची साखळी पुसत होतो. सायकल बाहेर तशीच गंजलेली उभी आहे. म्हणजे ह्यांनाही माहीत आहे. पोरांची नवी खोली रंगवायला हे जातात आणि मला सांगत नाहीत.

जावं त्यांनी. तरुण माणसं आहेत, त्यांना त्यांचं घर हवंच. मी काय अडवणार आहे. पण सकाळी सूनबाई पीठ मळताना गुणगुणते, बेसूर, आणि मी चहा पीत खुर्चीत बसते. ते बंद होईल. मला ते नको आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे बोलायला नको.

आज घुमटाला तीन वेळा पाणी मारलं.

३० मार्च

फजिती.

सकाळी भट्टी पेटवायची ठरली. सूनबाई म्हणाली, "आई, आधी आठवडाभर बारीक विस्तव ठेवू या का? अजून ओल वाटते."

"ओल आहे म्हणूनच मजबूत आहे," मी म्हटलं. "कालपर्यंत पाणी दिलंय मी. तू लाकडं आण." आणि जाडजूड ओंडके आत सारून जाळ केला. काय ऐट होती ज्वाळांची. मास्तर बाकावर चहा घेऊन बसले, होऊनजाईल मुद्दाम चांगला शर्ट घालून आला होता.

पहिला आवाज आला तेव्हा वाटलं लाकूड तडकलं. दुसरा लाकडाचा नव्हता. मग कढईत लाह्या फुटाव्यात तसं आतून तडतड सुरू झालं आणि घुमटाच्या पोटातून खपल्या उडायला लागल्या, बशीएवढ्या. तोंडातून एक सणसणत आली आणि मास्तरांच्या चहात पडली. मास्तर म्हणाले, "साखर चालली असती." मग सगळेच पळाले.

रस्त्याच्या पलीकडून आम्ही ऐकत उभे होतो. कुणाला लागलं नाही. होऊनजाईल हळूच म्हणाला, "होऊन गेलं."

थंड झाल्यावर मी आत डोकं घातलं. पोट पूर्ण सोललेलं, आणि वरपर्यंत एक आरपार भेग. अख्ख्या नोकरीत माझा एकही क्यूब वेळेआधी फुटला नव्हता.

३१ मार्च

खुर्चीत बसून राहिले. सूनबाईला म्हटलं, "ते पत्र्याचंच माग बाई. माझ्या हट्टापायी तुझं दुकान अडायला नको."

"ते आता लगेच नाही मिळत आई. नंबर गेला की पुन्हा दोन महिने थांबावं लागतं," ती पटकन म्हणाली. मग जीभ चावल्यासारखं करून आत गेली. चौकशी करून ठेवलेली दिसते. शहाणी आहे, माझ्यावर सगळा भरवसा टाकला नाही हेच बरं. पण वाईट वाटलं.

म्हणजे आता माझीच भट्टी हवी, नाहीतर दुकान उघडत नाही.

२ एप्रिल

आज सकाळी जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सूनबाई घरच्या छोट्या ओव्हनमध्ये पाव भाजत होती. आत घालण्याआधी तिने ब्लेड घेतलं आणि प्रत्येक गोळ्याच्या डोक्यावर सर्रकन एक चीर ओढली. हे मी रोज बघते. आज नुसतं बसून होते म्हणून विचारलं, "हे कशाला? शोभेला?"

"नाही हो. चीर दिली नाही तर वरचं कवच आधी आवळतं. आतली वाफ कोंडते, मग पाव आपल्या मर्जीने कुठूनही फाटतो. त्यापेक्षा आपणच वाट करून द्यायची."

"पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते. पुन्हा म्हण."

तिला वाटलं मला ऐकू येईनासं झालं. तिने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. मी उठून तिचा पिठाचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "अगं, मी घुमटाचं कवच केलं. आणि वर त्याला पंधरवडाभर पाणी पाजलं."

जन्मभर मी काँक्रीट थंड बघितलं. पूल, खांब, पाण्याच्या टाक्या. तिथे घट्ट असणं हाच गुण. प्लास्टिसायझर आणि सिलिकाने मी सगळ्या वाटा बुजवल्या आणि मग आतलं पाणी तापवलं. पाण्याची वाफ झाली, वाफेने वाट शोधली, सापडली नाही, तिने केली. काँक्रीट वाईट नव्हतंच. जास्त चांगलं होतं.

सूनबाई डोळे मोठे करून ऐकत होती. पाव ओव्हनमध्ये काळे झाले. आम्ही दोघींनी ते जाम लावून खाल्ले आणि मला बऱ्याच दिवसांनी सपाटून भूक लागली होती.

५ एप्रिल

पुन्हा आधी ओतून मग बघायचं नाही. अंगणात लोखंडी पिंप ठेवलं, त्यात जाळ. छोट्या लाद्या पाडल्या, प्रत्येकीत वेगळं ॲडमिक्श्चर. नावं मास्तरांनी ठेवली आणि खडूने प्रत्येकीवर चेहरेही काढले.

घट्टमुठ्या, म्हणजे माझा जुना लाडका, प्लास्टिसायझर आणि सिलिका. सुस्तोबा, उशिरा आवळणारं रसायन घातलेला. फुगोबा, हवेचे बुडबुडे धरलेला. आणि केसाळ. त्यात प्लास्टिसायझर आहे, सिलिका नाही, आणि मूठभर प्लॅस्टिकचे तंतू आहेत, केसासारखे बारीक. जुन्या प्रयोगशाळेतल्या मुलीने आठवणीने पाठवले. मोठ्या बोगद्यांच्या भिंतींत घालतात, आग लागली तर भिंत फुटू नये म्हणून. मी ते पूर्वी ऐकलं होतं आणि म्हटलं होतं, चांगल्या काँक्रीटमध्ये कचरा कशाला.

९ एप्रिल

निकाल. सगळे पिंपापासून लांब, बाकामागे दडून बसलो. चिरंजीव ऑफिसला दांडी मारून आले होते. सूनबाईने डोक्यावर पातेलं घातलं होतं.

घट्टमुठ्या पहिल्याच तापात फुटला. मास्तरांनी काढलेला चेहरा दोन डोळे दोन दिशांना घेऊन उडाला. सुस्तोबाला भेगा पडल्या, सावकाश, त्याच्या स्वभावाप्रमाणे. फुगोबा टिकला, पण थंड झाल्यावर अंगठ्याने दाबलं तर कोपरे पिठासारखे गळले. बुडबुडे जास्त झाले. आणि केसाळ तसाच्या तसा. वाजवून पाहिला, खणखणीत.

मी त्याचा एक कोपरा कापून सूनबाईला भिंगातून दाखवला. तापमान दीडशे अंशांच्या जरा पुढे गेलं की ते तंतू वितळतात आणि त्यांच्या जागी बारीक बारीक नळ्या उरतात. वाफ त्यातून मुकाट बाहेर जाते. जिथे काही नाही, तिथेच तर सगळं काम आहे.

"ह्या तुमच्या चिरा, आई," सूनबाई म्हणाली.

होऊनजाईलने केसाळ मागून घेतला. घरी दाराला टेकू लावणार म्हणाला.

११ एप्रिल

जुना घुमट फोडला, नवा ओतला. वाळूची एकही बाजू या वेळी उदास नाही, असं मास्तरांचं मत पडलं.

तंतू मालात टाकायचं काम सूनबाईचं. एकदम टाकले तर गोळे होतात, म्हणून ती चिमटीने सोडत होती, पीठ भुरभुरावं तसे. मी मशीन फिरवत होते. होऊनजाईल वाळू आणायला गेला होता, चिरंजीव आणि मास्तर वरच्या खोलीत काहीतरी ठोकत होते. त्या ठोकण्याचा मला इतका राग आला की तोंडातून निघूनच गेलं.

"केव्हा जाणार राहायला?"

"कुठे?"

"वर. पिवळ्या खोलीत. मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मी काही रडले नसते." हे म्हणताना मी रडत होते. सिमेंट डोळ्यांत गेलं असं सांगायची सोय होती, पण सांगितलं नाही.

सूनबाईने तंतूंची पिशवी खाली ठेवली. "आई, मशीन बंद करा." मी केलं. "आम्ही कुठेही जात नाही. मला कोण सकाळी खुर्चीत बसून सांगणार, पीठ सैल झालंय म्हणून? पाणी मोजून घाल म्हणून? माझी आई गेल्यावर मला कुणी रागावतच नव्हतं हो."

"मी रागावते?"

"रोज. छान रागावता."

"मग वर रंग कशाला?"

तिने जिन्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, पिशवी उचलली. "पिठाची पोती ठेवायला."

"पिठाला पिवळा रंग?"

"पिठाला ओल चालत नाही ना आई," ती म्हणाली. याचा रंगाशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण विचारावंसंही वाटलं नाही. इतकं हलकं वाटत होतं. मशीन चालू केलं. ती तंतू सोडत गुणगुणायला लागली, आणि त्या यंत्राच्या घरघरीतसुद्धा ती बेसूरच होती.

१३ एप्रिल

घुमटावरची ओली पोती काढली. पाणी बंद. हे लिहायला सोपं आहे. संध्याकाळी हात इतके शिवशिवले की शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालून आले.

२० एप्रिल

मास्तरांनी आज विचारलं, "भट्टीच्या वाफेला वाट झाली. तूही पहिल्यांदा मनातलं बोललीस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"भिंती," म्हणाले. चष्मा पुसला नाही, म्हणजे थट्टा होती.

२४ एप्रिल

गेले काही दिवस भट्टीचा कारभार सूनबाईकडे आहे. पहिल्या दिवशी नुसते निखारे, दुसऱ्या दिवशी काटक्या, मग थोडी लाकडं, रोज किंचित जास्त. मी ऐकते. घुमटाला कान लावून बसते. बाहेरून हात लावला तर ओलसर ऊब लागते, आणि सकाळच्या उन्हात बघितलं तर पाठीवरून बारीकशी वाफ निघताना दिसते, सगळीकडून सारखी. तडतड नाही. काही नाही. मी तासन्‌तास बघू शकते.

होऊनजाईल येऊन म्हणाला, "बाई, एकदा मोठा जाळ करून बघू. होऊन जाईल." आम्ही दोघी एकदम त्याच्याकडे वळलो. तो निघून गेला.

३० एप्रिल

आज पूर्ण जाळ. मी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले, मला धीर नव्हता. सूनबाई भट्टीसमोरच उभी. घुमट आतून आधी काजळीने काळा झाला, मग तापता तापता काजळी जळून पुन्हा पांढरा. पांढरा झाला की भट्टी तयार, असं भट्टीवाले म्हणतात. एकही खपली नाही. सूनबाईने माझ्याकडे बघून हात वर केला आणि मी भर रस्त्यात, एवढ्या वयाची बाई, उडी मारली. सायकलवाला थांबून बघत होता.

संध्याकाळी पहिला पाव. अर्धा करपला, अर्धा कच्चा. जगातला सर्वांत चांगला पाव होता.

मेचा पहिला रविवार

मला पहाटे दुकानावर येऊ दिलं नाही. आठ वाजता या, असा हुकूम. मास्तरांनी इस्त्रीचे कपडे घातले होते आणि त्यांच्या नखात निळा रंग होता. सायकलच्या साखळीला निळा रंग नसतो हे मी त्यांना वाटेत सांगितलं. "नसतो," म्हणाले.

कोपऱ्यावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. होऊनजाईल बायकोला घेऊन आला होता. दुकानावर चादर टाकलेली. चिरंजीवांनी ती ओढली, अडकली, पुन्हा ओढली.

पिवळ्या पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: क्यूबबाईंची भट्टी. कडेला मास्तरांनी एक बाई काढली आहे, कानामागे पेन्सिल, बादलीवर बसलेली. नाक जरा मोठं काढलंय. पण मीच आहे.

वरच्या खोलीत ही पाटी होत होती, दीड महिना. आणि आता तिथे मास्तरांचा चित्रांचा वर्ग भरणार आहे, दुपारी, मुलांचा. पिवळा रंग त्यासाठी. पिठाची पोती खालीच आहेत, ओल लागणार नाही अशा जागी. मी एवढी वर्षं क्यूबच्या आत काय चाललंय ते बाहेरून सांगायचे, आणि घरातलं मला काही दिसलं नाही.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?" मी सूनबाईला विचारलं.

"तुम्ही झोपेत बडबडता, असं बाबा म्हणतात. 'क्यूबबाई आल्या' म्हणता आणि हसता."

मग तिने आतून ट्रे आणला. त्यात पाव होते, चौकोनी, पाऊण वीत लांब, पाऊण वीत रुंद, पाऊण वीत उंच. कडा अशा सरळ की मी बोट फिरवून पाहिलं.

"माझ्या साच्यांत भाजलेस? अगं, काँक्रीट चिकटू नये म्हणून त्यांना आयुष्यभर मोल्ड ऑइल पाजलंय मी."

"नाही हो आई. पत्रेवाल्याला माप दाखवायला नेले होते. तुमचे साचे तुमच्या कपाटाखाली परत आहेत. बटणंसुद्धा घातलीत."

लोक बघत होते. मी एक पाव उचलला, काउंटरवर ठेवला आणि तळहाताने वरून दाबला, सावकाश, सारख्या भाराने, जसं मशीन दाबायचं. तो खाली बसला. हात काढला तर हळूहळू वर आला, पूर्ण, कडेला एक भेगही नाही.

"किती भार घेतला, क्यूबबाई?" सूनबाईने विचारलं.

तिने मला आई म्हटलं नाही, क्यूबबाई म्हटलं, सगळ्यांसमोर. मी तिला जवळ घेतलं आणि खूप रडले, आणि या वेळी सिमेंटची आठवणही झाली नाही.

दुपारपर्यंत सगळे पाव संपले. शेवटी तो भट्ट्यांच्या कंपनीचा माणूस आला, घुमटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आमची रद्द केलीत ते बरंच केलंत." बिचाऱ्याचा घोळ अजून मिटलेला नाही. सूनबाई त्याच्याकडे बघून डोळे वटारत होती, कशाला कोण जाणे. मी त्याला माझ्यासाठी ठेवलेला पाव दिला आणि म्हटलं, पत्ता लिहून घ्या आता, म्हणजे पुन्हा चुकणार नाही.

उद्या भट्टी मी पेटवणार आहे. आधी निखारे, मग काटक्या.